महानगरातील नभोवाणी आणि खेड्यातले गाणे : अमेरिकेतील कंट्री संगीत-केंद्रांचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

प्रास्ताविक

न्यूयॉर्क म्हटले की गगनचुंबी इमारती, भुयारी रेल्वे आणि रात्रंदिवस चालणारी वर्दळ आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. अशा शहरात शेतमळ्यांची, मालमोटार हाकणाऱ्यांची, मागे राहिलेल्या घराची आणि मोडलेल्या संसाराची गाणी कोण ऐकत असेल, असा प्रश्न कुणालाही पडावा. पण १९७३ ते १९८७ अशी चौदा वर्षे न्यूयॉर्कमधील डब्ल्यू.एच.एन. हे नभोवाणी केंद्र हीच गाणी वाजवीत होते, आणि अमेरिकेतील सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या कंट्री केंद्रांत त्याची गणना होत होती. पुढे हे केंद्र गेले. त्याच्या जागी दुसरे आले, तेही गेले. तिसरे आले आणि तेही २०२१ मध्ये गेले.

या येण्याजाण्यामागे काही नियम आहे काय, हे पाहावे असे मला वाटले. खेड्यातले गाणे महानगराच्या नभोवाणीवर कसे पोहोचले, तेथे कार्यक्रमांची आखणी कशी होत असे, शहरी श्रोत्याला त्यात काय भावले, आणि श्रोते असूनही केंद्रे का बंद पडली, अशा चार प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम कंट्री संगीत म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि अपलाचियन डोंगरपट्ट्यात ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतकऱ्यांची कथागीते, चर्चमधील भक्तिगीते आणि कृष्णवर्णीयांचे ब्लूज यांच्या मिश्रणातून हे संगीत घडले. फिडल हे त्यातील वाद्य युरोपातून आले, तर बँजोचे मूळ आफ्रिकेत आहे. १९२७ च्या ऑगस्ट महिन्यात ब्रिस्टल या गावी राल्फ पीअर यांनी जिमी रॉजर्स व कार्टर कुटुंब यांचे ध्वनिमुद्रण केले. या धंद्याचा पाया तेथे पडला असे मानतात. त्या काळी या गाण्यांना ‘हिलबिली’ म्हणजे डोंगराडचा अडाणी असे हिणवून म्हटले जाई. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकाने आपल्या यादीचे नाव ‘कंट्री अँड वेस्टर्न’ असे केले. नाव बदलले तरी हिणकस भाव पुरता गेला नाही, हे पुढे दिसेलच.

आपल्याकडील वाचकांना हे संगीत अगदीच परके आहे असेही नाही. गोव्यात आणि मुंबईतील ख्रिस्ती घरांत जिम रीव्हज् या गायकाच्या ध्वनिमुद्रिका पुष्कळ वर्षे आवडीने ऐकल्या गेल्या. १९६४ साली विमान-अपघातात वारलेला हा गायक कंट्री संगीताचाच होता.

शहरात तयार झालेले खेडे

कंट्री संगीत खेड्यातून हळूहळू शहरात आले असा आपला समज असतो. गाण्यांपुरता तो खरा आहे, परंतु नभोवाणीवरील कंट्री संगीत प्रथमपासूनच शहरात तयार झाले. १९२४ साली शिकागो शहरात डब्ल्यू.एल.एस. हे केंद्र सुरू झाले. त्याचे मालक सीअर्स रोबक हे टपालाने माल विकणारे प्रचंड दुकान होते, आणि केंद्राच्या नावातील तीन अक्षरे ‘जगातील सर्वांत मोठे दुकान’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होती. या दुकानाचे गिऱ्हाईक म्हणजे दूरदूरचा शेतकरी. त्याच्यासाठी या केंद्राने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘नॅशनल बार्न डान्स’ हा कार्यक्रम सुरू केला. धान्याच्या कोठारात जमून नाचण्याची जी ग्रामीण रीत होती, तीवरून हे नाव घेतले होते.

पुढच्याच वर्षी नॅशव्हिल येथे एका विमा कंपनीने डब्ल्यू.एस.एम. हे केंद्र काढले. ‘आम्ही लक्षावधींचे रक्षण करतो’ हे तिचे ब्रीद, आणि केंद्राचे नाव त्याच्याच आद्याक्षरांचे. शिकागोहून आलेल्या जॉर्ज हे या निवेदकाने तेथे शनिवारी रात्रीचा जो कार्यक्रम चालू केला तोच १९२७ पासून ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणून ओळखला जाऊ लागला. हा कार्यक्रम आजतागायत चालू आहे. त्याच्या पहिल्या कलावंतांत हम्फ्री बेट नावाचे एक डॉक्टर होते. शिकलेसवरलेले, नीटनेटके कपडे घालणारे गृहस्थ. पण हे यांनी त्यांच्या वाद्यवृंदाला रानटी प्राण्यांच्या शिकारीवरून गावंढळ नाव दिले, आणि जाहिरातीसाठी वादकांची छायाचित्रे कामकऱ्यांच्या वेषात काढली गेली. म्हणजे श्रोत्याला जे ‘अस्सल खेडे’ ऐकू येत होते त्यातला काही भाग नभोवाणीने शिवून घेतलेला होता. माल विकणाऱ्याला कोणता श्रोता हवा आहे, यावरून खेड्याचे रूप ठरत होते. ही गोष्ट पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली आहे असे मला वाटते.

दुसरीकडे खरी माणसेही शहराकडे निघाली होती. १९३० नंतरच्या दशकातील अवर्षणाने आणि धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेली ओक्लाहोमा व आसपासची शेतकरी कुटुंबे कॅलिफोर्नियात गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर दक्षिणेकडील लक्षावधी लोक डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत, शिकागोत आणि ओहायो राज्यातील शहरांत कामाला गेले. शिकागोच्या अपटाऊन भागात अपलाचियन लोकांची मोठी वस्ती झाली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी मुंबईच्या गिरणगावात जसे भजन, शाहिरी आणि तमाशा आणला, तसेच या लोकांनी आपले गाणे बरोबर नेले. शहरात कंट्री संगीताला पहिला श्रोता मिळाला तो असा.

पडझड आणि नवी बांधणी

१९५५ च्या सुमारास रॉक अँड रोलची लाट आली. तरुण श्रोता तिकडे वळला, त्यापाठोपाठ केंद्रेही वळली. ज्या डब्ल्यू.एल.एस. केंद्राने कोठारातला नाच घरोघर पोहोचविला, त्यानेच मे १९६० मध्ये कंट्री संगीताला रजा देऊन तरुणांची लोकप्रिय गाणी सुरू केली. १९६१ साली साऱ्या अमेरिकेत पूर्ण वेळ कंट्री संगीत वाजविणारी केंद्रे फक्त ८१ उरली होती. ही मोजणी कंट्री म्युझिक असोसिएशन या १९५८ मध्ये स्थापन झालेल्या व्यावसायिक संघटनेने केली होती. आठच वर्षांनी, १९६९ मध्ये, ही संख्या ६०० च्या वर गेली. हा चमत्कार कशाने घडला?

याची दोन कारणे प्रामुख्याने सांगता येतील. पहिले कारण खुद्द गाण्यातले. नॅशव्हिलमध्ये चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली यांसारख्या निर्मात्यांनी गाण्याचा पेहराव बदलला. फिडल आणि स्टील गिटार मागे सारले, व्हायोलिनचा ताफा व मंद सहगायन पुढे आणले. जिम रीव्हज् व पॅट्सी क्लाइन यांची गाणी या ‘नॅशव्हिल साउंड’ची. शहरी कानाला ती खरखरीत वाटली नाहीत.

दुसरे कारण गाण्याबाहेरचे, आणि अधिक महत्त्वाचे. असोसिएशनने आपला मोर्चा श्रोत्यांऐवजी जाहिरातदारांकडे वळविला. कंट्री संगीत ऐकणारा म्हणजे फाटका, कफल्लक माणूस, हा समज मोठ्या शहरांतील जाहिरात संस्थांत पक्का होता. संघटनेने त्यांच्या सभांतून गायकांना उभे केले आणि सांगितले, की हा श्रोता आता कारखान्यात नोकरी करतो, त्याला नियमित पगार आहे, तो मोटार घेतो, घर घेतो, आणि आवडत्या केंद्रावर जे सांगितले जाते त्यावर विश्वास ठेवतो. गाणे चांगले आहे हे सिद्ध करण्यापेक्षा ते ऐकणाऱ्याच्या खिशात पैसा आहे हे सिद्ध करणे त्या व्यवहारात अधिक उपयोगी ठरले.

येथे अमेरिकन नभोवाणीचा एक विशेष ध्यानात घ्यावा लागतो. आपल्याकडे आकाशवाणी सरकारी खर्चाने वाढली. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यावर जाहिराती आल्या त्या १९६७ मध्ये. अमेरिकेत मात्र केंद्रे खासगी मालकीची, आणि बहुतेकांचे उत्पन्न केवळ जाहिरातींचे. श्रोता एक पैसाही देत नाही. म्हणून तेथे केंद्राचे गिऱ्हाईक हे जाहिरातदार होत. केंद्र त्यांना जे विकते ते म्हणजे श्रोत्याचे लक्ष. गाणी ही ते लक्ष गोळा करण्याची युक्ती.

कार्यक्रमाची आखणी

पूर्वीच्या कंट्री केंद्रावर निवेदक आपल्या आवडीच्या तबकड्या घेऊन बसे, श्रोत्यांची पत्रे वाची, मध्येच एखादा स्थानिक गायक गिटार घेऊन येई. महानगरातील नव्या केंद्रांनी ही पद्धत मोडली. १९५० नंतर टॉड स्टोर्झ यांच्या ओमाहा येथील केंद्रावर एक रीत रूढ झाली होती : मोजकी लोकप्रिय गाणीच पुन्हा पुन्हा वाजवायची. तरुणांच्या गाण्यांसाठी सिद्ध झालेला हा साचा कंट्री संगीताला लावण्यात आला.

या साच्याचे मुख्य साधन म्हणजे ‘तासाचे घड्याळ’. कागदावर वर्तुळ काढून त्याचे साठ मिनिटांचे भाग पाडतात. कोठे बातम्या, कोठे हवामान, कोठे जाहिराती आणि कोठे कोणत्या जातीचे गाणे, हे त्यात ठरलेले असते. गाण्यांच्या ढोबळमानाने तीन जाती. सध्या गाजत असलेली गाणी ही पहिली, ती दर काही तासांनी फिरून येतात. नुकतीच गाजून उतरू लागलेली ही दुसरी. आणि वर्षानुवर्षे लोकांच्या तोंडी असलेली जुनी गाणी ही तिसरी. नवे अपरिचित गाणे लावायचे तर त्याच्या मागेपुढे ओळखीची गाणी ठेवतात, म्हणजे श्रोता केंद्र बदलत नाही. एकच गाणे दिवसातून इतक्या वेळा ऐकून लोक कंटाळत कसे नाहीत, अशी शंका येईल. परंतु कोणीही दिवसभर ऐकत नाही. कामावर जाताना मोटारीत अर्धा तास, दुकानात तासभर, संध्याकाळी परतताना पुन्हा थोडे, असे त्याचे ऐकणे असते. त्या अर्ध्या तासात त्याचे आवडते गाणे लागलेच पाहिजे, हा हिशेब. म्हणून सकाळी सहा ते दहा आणि दुपारी तीन ते सात या वेळा मोलाच्या, व त्या वेळांचे निवेदकही महागडे.

श्रोते मोजायचे कसे, यावर ही सारी आखणी बेतलेली होती. आर्बिट्रॉन ही संस्था निवडक लोकांना एक लहानशी रोजनिशी देई. सात दिवस कोणते केंद्र किती वेळ ऐकले ते त्यांनी लिहून परत पाठवायचे. गणना पाव तासाच्या हिशेबाने होई, आणि त्या पाव तासात पाच मिनिटे ऐकले तरी पूर्ण पाव तासाचे श्रेय केंद्राला मिळे. मग चतुर कार्यक्रम-प्रमुख काय करीत? पाव तास संपतेवेळी ते जाहिराती लावीत नसत, तेथे गाणे चालू ठेवीत. श्रोता सीमा ओलांडून पुढे पाच मिनिटे थांबला की दोन पाव तास पदरात पडत. पुढे २००७ पासून मोठ्या शहरांत अंगावर बाळगायचे मोजणी-यंत्र आले, आणि आठवणीने लिहिणे संपले. मोजण्याची रीत बदलली की गाण्यांची मांडणीही बदलते, हे पाहून नवल वाटते.

न्यूयॉर्क आणि शिकागो

न्यूयॉर्कच्या परिसरात पहिला मोठा प्रयोग शेजारच्या नुअर्क येथील डब्ल्यू.जे.आर.झेड. या केंद्राने १९६५ मध्ये केला. तो १९७१ पर्यंत चालला. त्यानंतर १९७३ मध्ये डब्ल्यू.एच.एन. कंट्री संगीताकडे वळले. त्याचे प्रक्षेपण ५०,००० वॅटचे होते. १९७५ मध्ये पिट्सबर्गहून एड सॅलमन हे तरुण कार्यक्रम-प्रमुख तेथे आले, आणि या केंद्राचे खरे दिवस सुरू झाले.

सॅलमन यांनी नॅशव्हिलच्या यादीवर विसंबून न राहता न्यूयॉर्कच्या लोकांनाच विचारले. शहरातील दुकानांत कोणत्या तबकड्या खपतात, लोक दूरध्वनी करून कोणती फर्माईश करतात, याची ते नोंद ठेवीत. त्यातून असे दिसले की न्यूयॉर्कच्या श्रोत्याला ‘हे गाणे शुद्ध कंट्री आहे की नाही’ या वादाशी कर्तव्य नव्हते. त्यामुळे ईगल्ससारख्या रॉक गटाची कंट्री वळणाची गाणीही तेथे वाजू लागली. ली आर्नोल्ड यांच्यासारखे निवेदक दक्षिणी हेल काढून बोलत नसत. ते न्यूयॉर्कच्या माणसांशी न्यूयॉर्कच्या माणसासारखे बोलत. १९७६ मध्ये मॅनहॅटनमध्ये ‘लोन स्टार कॅफे’ नावाचे टेक्सासच्या थाटाचे उपाहारगृह निघाले. तेथील गायनाचे कार्यक्रम या केंद्रावरून थेट ऐकविले जात. नभोवाणीने शहरात श्रोते निर्माण केले, आणि त्या श्रोत्यांना एकमेकांना भेटण्याची जागाही लाभली.

शिकागोमध्ये एन.बी.सी.च्या मालकीचे डब्ल्यू.एम.ए.क्यू. १९७५ मध्ये कंट्रीकडे आले. तेथे एक स्पर्धा फार गाजली. केंद्राकडून घरी दूरध्वनी आला आणि उचलताक्षणी ‘हे केंद्र मला श्रीमंत करणार’ अशा अर्थाचे ठरलेले वाक्य म्हटले, तर रोख बक्षीस मिळे. त्यामुळे कित्येक घरांतून ‘हॅलो’ऐवजी केंद्राचे नाव ऐकू येऊ लागले. श्रोत्याने रोजनिशीत आपले नाव लिहावे म्हणून ते त्याच्या तोंडी बसविण्याची ही युक्ती.

श्रोत्याला काय भावले ?

केवळ घड्याळ आणि बक्षिसे यांनी एवढा श्रोतृवर्ग टिकत नाही. गाण्यात काही असावे लागते. सर्वसाधारणपणे असे म्हणता येईल की कंट्री गाणे गोष्ट सांगते. त्यात माणसाला नाव असते, काम असते, पगाराची चिंता असते. तरुणांचे गाणे प्रेम जडण्यापाशी थांबते. कंट्री गाणे लग्नानंतरच्या दहाव्या वर्षाचेही असते. न्यूयॉर्कमधला टॅक्सीचालक किंवा शिकागोतली कार्यालयातली टंकलेखिका यांनी घोडा पाहिला नसेल, पण थकवा, कर्ज आणि तुटलेले घर त्यांनी पाहिले होते. गाण्यातले खेडे त्यांना पाहायला जायचे नव्हते. त्या खेड्याच्या निमित्ताने कोणीतरी त्यांच्याविषयी बोलत होते.

शब्द स्पष्ट ऐकू येणे हाही एक गुण आहे. यंत्रांच्या गोंगाटात, मोटारीत, कानावर पडताच कळेल असे हे गाणे. आमच्या घरी माझ्याआधी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही. माझे वडील रानात ट्रान्झिस्टर नेतात. त्यांना गायकांची नावे सांगता येत नाहीत, रागाचे नाव तर नाहीच. पण गाण्यातला माणूस कष्टाचा आहे की नाही, हे ते दोन ओळींत सांगतात. डेट्रॉइटच्या कारखान्यातला माणूस याहून फार निराळे ऐकत असेल असे मला वाटत नाही.

महानगरातील केंद्राचा श्रोता नेहमी महानगरातच असे असेही नव्हे. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात. टेक्सासमधील फोर्ट वर्थच्या डब्ल्यू.बी.ए.पी. केंद्रावर १९६९ पासून बिल मॅक हे रात्रभर मालमोटार-चालकांसाठी कार्यक्रम करीत. त्या एकाकी रस्त्यावर त्यांचा आवाज हीच सोबत होती. आणि १९८० मध्ये ह्यूस्टनजवळच्या नृत्यगृहावर बेतलेला ‘अर्बन काउबॉय’ हा चित्रपट आल्यावर तर शहरी तरुणही रुंद काठाची टोपी घालून हिंडू लागले. ती हौस तीनचार वर्षांत ओसरली. हौसेने आलेला श्रोता हौसेबरोबर गेला, कष्टाने आलेला मात्र राहिला.

कोणाला जागा मिळाली नाही

हे चित्र एकतर्फी होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या संगीतात आफ्रिकेचा बँजो आणि कृष्णवर्णीयांचे ब्लूज आहेत, त्या संगीताच्या केंद्रांवर कृष्णवर्णीय कलावंताला जागा अवघडच होती. डीफोर्ड बेली हा हार्मोनिकावादक ऑप्रीच्या पहिल्या तारकांपैकी एक. १९४१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले आणि उरलेले आयुष्य त्याने बूटपॉलिशचे दुकान चालवून काढले. १९६६ मध्ये चार्ली प्राइड याच्या पहिल्या तबकड्या केंद्रांना पाठविताना कंपनीने त्याचे छायाचित्र जोडले नाही. आवाज आधी आवडावा, रंग नंतर कळावा, हा हेतू. १९७१ मध्ये तोच वर्षातील सर्वश्रेष्ठ कलावंत ठरला.

स्त्रियांचेही तसेच. दोन स्त्रियांची गाणी लागोपाठ लावायची नाहीत, असा अलिखित नियम अनेक केंद्रे पाळीत. २०१५ मध्ये कीथ हिल या सल्लागाराने, श्रोते टिकवायचे तर गायिका कमी लावाव्यात, असा उघड सल्ला दिला आणि गायिकांना कोशिंबिरीतल्या टोमॅटोची उपमा दिली. त्यावर मोठा गदारोळ झाला. अशा वेळी केंद्रे आकडे पुढे करतात. परंतु जे गाणे लावलेच नाही, त्याला श्रोते किती मिळाले असते हे आकडा कसे सांगणार?

न्यूयॉर्कमधून माघार

आता शेवटचा प्रश्न. मध्यम लहरींची जागा १९८० च्या आसपास एफ.एम.ने घेतली. संगीतासाठी एफ.एम.चा स्वच्छ आवाज लोकांना बरा वाटू लागला. एमिस या कंपनीने १९८६ मध्ये डब्ल्यू.एच.एन. विकत घेतले आणि १ जुलै १९८७ रोजी तेथे केवळ खेळांना वाहिलेले डब्ल्यू.एफ.ए.एन. हे केंद्र सुरू केले. त्याच सुमारास एफ.एम.वरील डब्ल्यू.वाय.एन.वाय. कंट्रीकडे वळले. तेही फेब्रुवारी १९९६ मध्ये बंद होऊन त्या लहरीवर नृत्यसंगीताचे केंद्र आले, आणि काही महिन्यांतच ते शहरात पहिल्या क्रमांकावर गेले. मालकाच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता.

पण पुढच्या वर्षी काय झाले पाहा. ७ ऑगस्ट १९९७ रोजी गार्थ ब्रूक्स या कंट्री गायकाचा विनामूल्य कार्यक्रम न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये झाला आणि त्याला लाखोंची गर्दी लोटली. त्या वेळी शहराचे स्वतःचे असे एकही मोठे कंट्री केंद्र नव्हते. उपनगरांतील काही लहान केंद्रांची साखळी तेवढी होती. म्हणजे श्रोते होते. मात्र एवढ्या महाग शहरातील एफ.एम. लहर त्यांच्यासाठी राखून ठेवणे मालकांना परवडत नव्हते. त्याच लहरीवर दुसरे संगीत लावले तर जास्त श्रोते, जास्त जाहिराती. शंभरातले चार-पाच श्रोते लहान गावात तोट्याचे ठरतील, कोट्यवधींच्या शहरात मात्र तेवढे म्हणजे लाखो माणसे. तरीही शेजारच्या लहरीशी तुलना होते, आणि लाखो माणसेही कमी भरतात.

जवळजवळ सतरा वर्षांनी, जानेवारी २०१३ मध्ये, ‘नॅश एफ.एम.’ या नावाने न्यूयॉर्कला पुन्हा कंट्री केंद्र मिळाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचेही हिप-हॉपच्या केंद्रात रूपांतर झाले. लॉस एंजेलिसमध्ये ऑगस्ट २००६ मध्ये के.झेड.एल.ए.ने कंट्री सोडले, तेव्हा सहाच महिन्यांत दुसऱ्या एका मालकाने के.के.जी.ओ.वर ते सुरू केले. मालक एकटा असला व त्याच्या मनात असले, तर अशी जागा भरते. परंतु फेब्रुवारी १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशभरात किती केंद्रे घ्यावीत यावरची मर्यादा उठविली आणि एकेका कंपनीकडे शेकडो केंद्रे जमली. मग दूरच्या शहरात बसून गाण्यांची एकच यादी पुष्कळ गावांना पुरविण्याची सोय झाली. सॅलमन यांनी न्यूयॉर्कच्या दुकानांत जी विचारपूस केली होती, तिची गरज उरली नाही.

उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की महानगरातील कंट्री केंद्रे उभी राहिली ती दोन गोष्टींच्या मेळातून. गाण्यात कष्टकरी माणसाला आपली गोष्ट ऐकू आली, ही एक. त्या माणसाला विकत घेणारा जाहिरातदार मिळाला, ही दुसरी. जोपर्यंत दोन्ही एकत्र होत्या तोपर्यंत न्यूयॉर्कसारख्या शहरातही खेड्यातले गाणे दिमाखाने वाजले. दुसरी गोष्ट सुटली तेव्हा पहिली शिल्लक असूनही केंद्र गेले. म्हणून ‘केंद्र बंद पडले, अर्थी लोकांना ते गाणे नको होते’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

मुंबईतील खासगी एफ.एम. केंद्रांवर मराठी गाणी फार थोडी लागतात, ही तक्रार आपण ऐकतो. तिचे उत्तर बहुधा ‘श्रोते नाहीत’ असे दिले जाते. न्यूयॉर्कचे उदाहरण पाहिल्यावर हे उत्तर आपण जसेच्या तसे मानू नये. श्रोते कोणी मोजले, कसे मोजले, आणि कोणाच्या गरजेसाठी मोजले, हे आधी विचारावे. गाण्याच्या अभ्यासकाने सूर आणि शब्द यांबरोबर हा हिशेबही वाचायला शिकले पाहिजे, असे मला नम्रपणे वाटते.